शनिवारचे सर

थळकर सरांच्या दारात दर शनिवारी सकाळी तेलाच्या दोन-तीन बाटल्या येऊन पडलेल्या असत. कुणी औषधाच्या बाटलीतून आणी, कुणी स्टीलच्या गडव्यातून. सोबत रुईच्या पानांची माळ आणि पुडीत बांधलेले काळे उडीद. आणणारा उंबऱ्याला हात लावून, आत एक भेदरलेली नजर टाकून पसार होई. मग सर लुंगी सावरत बाहेर येत, बाटलीचं बूच काढून वास घेत आणि आत आवाज देत, "सारा, करडईचं आहे गं! उद्या वांगी तळ." सारावहिनींनी एकदा विचारलं होतं, देवाला वाहिलेलं तेल आपल्याला चालतं का? सर म्हणाले, "देवाला कुठं वाहिलंय? मला वाहिलंय. मी देव नाही, त्यामुळं चालतं."

वाचणाऱ्याला वाटेल, हे सर म्हणजे शनीचे कुणी मोठे उपासक असावेत. अख्ख्या गल्लीला तसंच वाटत होतं. खरं म्हणजे सर बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. शेकडो वर्षं मराठी बोलणारे, अलिबागच्या बाजूला तेलाचे घाणे चालवणारे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं ज्यांना 'शनवार तेली' नाव ठेवलं ते. ज्यांच्या खापरपणजोबानं शनिवारी तेलाला बोट लावलं नाही, त्यांच्याच दारात लातूरकर शनिवार गाठून तेल आणून ठेवत होते.

हा शनी सरांच्या मागं लावला कुणी? मी. कबूलच करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

सर पदार्थविज्ञान शिकवत, मी रसायनशास्त्र. बिराजदारकाकांच्या घराच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही अकरावी-बारावीचा क्लास काढला होता. मागच्या बाजूला सरांचं बिऱ्हाड. शनिवारी क्लास बंद आणि रविवारी चालू, हा उलटा कारभार पालकांना पटेना. मी आधी खरं सांगून बघितलं. सुरुवात घरमालकांपासूनच केली. "सर ज्यू आहेत," मी म्हणालो. बिराजदारकाकांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "जू? बैलाच्या मानंवर ठिवत्यात त्ये?" तसं नाही म्हटलं, यहुदी. "म्हंजे मुसलमानात येत्यात का?" नाही. "ख्रिश्चनात?" नाही. "मग कशात येत्यात त्ये तरी सांगा की!" तेवढ्या वेळात बाकावर बसलेले दोन पालक उठून समोरच्या क्लासची चौकशी करायला गेले. पुढच्या पालकाला मी आवाज खाली आणून एवढंच सांगितलं, "सरांचं शनीचं लई कडक हाय." त्यानं कानाच्या पाळ्या पकडल्या आणि मुकाट प्रवेशाचा फॉर्म भरला. आठ दिवसांत बातमी गल्लीभर झाली आणि दाराशी पहिली बाटली आली.

सरांना कळलं तेव्हा ते लई हसले. ते मला 'रसायन' म्हणत. "अहो रसायन, तुम्ही माणूस आहात का भेसळ?" असं म्हणून त्यांनी विषय सोडून दिला. त्यांनी तेव्हाच माझे कान धरायला हवे होते असं आता वाटतं. पण सरांना शिकवण्यापुढं दुसरं काही सुचत नसे, आणि शनिवारी कुणी त्यांना उठवायला येत नाही एवढ्यावर ते खूश होते.

शिकवताना मात्र हा माणूस भेसळीचा एक कण खपवून घेत नसे. त्यांचा खरा राग एककावर. पोरानं उत्तर सांगितलं, "सर, पाच!" की सर खडू खाली ठेवत. "पाच काय? पाच न्यूटन, पाच ज्यूल, का पाच शेळ्या?" पोरगं वही चाळू लागे. "आकडा कुणीही आणतो रे बाळा. तो कशाचा ते सांग. एकक नसलेलं उत्तर म्हणजे लग्नात जेवून गेलेला पाहुणा. वऱ्हाडातला का मांडवातला, कुणाला ठाऊक नाही." एकदा एकानं बोर्डाच्या परीक्षेहून वडिलांबरोबर पेढे घेऊन येऊन सांगितलं की सगळी गणितं बरोबर आली. सरांनी त्याला उभ्या उभ्या एकेक एकक विचारलं आणि दोन ठिकाणी चुकल्यावर म्हणाले, "पेढे परत न्या." मुलाच्या वडिलांनी पेढ्यांचा पुडा खरंच परत नेला.

स्वतःच्या धर्माबद्दल सरांना तीन गोष्टी माहीत होत्या. दुधात मटण शिजवायचं नाही, शनिवारी काम करायचं नाही, आणि 'शेमा' नावाची प्रार्थना, जिची पहिली ओळ त्यांना पाठ होती आणि दुसरी ते गुणगुणून मारून नेत. वडील लहानपणीच गेले होते, आणि नोकरीनं लातुरात आणून टाकलं तेव्हा विचारायला जवळ कुणी उरलं नव्हतं. दाराच्या चौकटीवर एक बोटभर नळी तिरकी बसवलेली होती. तिच्यात शेमा लिहिलेला कातड्याचा तुकडा असतो, आणि येता-जाता तिला हात लावायचा असतो. सारावहिनींच्या माहेरून आलेली ती नळी पोस्टमन रोज बेल समजून दाबी आणि मग वाजत नाही म्हणून कडी वाजवी. "दाबू द्या," सर म्हणत, "निदान हात तरी लागतोय कुणाचा."

अशातच त्या पोस्टमननं एकदा पिवळं पाकीट आणून दिलं. ठाण्याच्या एका मंडळानं गावोगाव विखुरलेल्या इस्राएली कुटुंबांसाठी टपाली अभ्यासक्रम काढला होता. महिन्याला एक धडा, मागे प्रश्न. उत्तरं लिहून पाठवायची, मग ती तपासून परत येत. सरांनी पाकीट उघडलं आणि त्यांचा चेहरा पहिल्या बाकावरच्या पोरासारखा झाला. त्या रात्री त्यांनी समास आखून उत्तरं लिहिली. पंधरा दिवसांनी पेपर परत आला. वीसपैकी अकरा.

ज्यांच्या हातून अर्ध्या लातूरचे पेपर तपासून गेले त्या माणसाला अकरा! सर पेपर हातात घेऊन माझ्याकडं आले. पहिला प्रश्न होता, 'आपण शब्बाथ, म्हणजे शनिवार, का पाळता?' सरांचं उत्तर: 'वडील पाळत होते म्हणून.' खाली लाल शाईत शेरा: 'कारण अपुरे.' दुसरा प्रश्न, 'आपण कोण, हे दहा ओळींत लिहा.' सरांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. 'मी बेने इस्राएल आहे. मी पदार्थविज्ञान शिकवतो.' शेरा: 'दुसऱ्या वाक्याचा प्रश्नाशी संबंध नाही.' तपासणाऱ्या कुणी निवृत्त शिक्षिका होत्या. सर त्यांना 'ठाण्याच्या बाई' म्हणत आणि शिव्या द्यायच्या सुरात म्हणत. "ही बाई मला एकक विचारायलीय, रसायन! मला!" तावातावानं बोलता बोलता ते थांबले आणि म्हणाले, "बरोबर आहे पण तिचं. दहा ओळी मला येतच नाहीत."

मग मात्र त्यांनी अभ्यास मनावर घेतला. शनिवारी दुपारी मला बोलावून माझ्या हातात धडा द्यायचा आणि प्रश्न विचारायला लावायचे. त्यामुळं मलाही फुकटात बरंच आलं. मुलगी एस्तेर आठवीत होती. ती बापाबरोबर बसून उत्तरं लिही, आणि तिला दरवेळी दोन-तीन गुण जास्त पडत. सर तिची उत्तरपत्रिका लपून वाचत. मी पकडलं तर म्हणत, "कॉपी नाही, संदर्भ बघायलोय."

सातवा धडा मांडवाच्या सणाचा होता. पूर्वज वाळवंटात राहिले त्याची आठवण म्हणून सात दिवस घराबाहेर मांडवात राहायचं. छपराला फांद्या-काड्या, आणि त्यांतून आभाळ दिसलं पाहिजे. सरांच्या घरात हा सण कधी झालाच नव्हता. "हे प्रात्यक्षिक आहे," सर म्हणाले, "करायचं." गणपती विसर्जनाच्या गडबडीत त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत चार बांबू रोवले, तुराट्यांच्या भिंती केल्या आणि वरून कडब्याच्या पेंढ्या पातळ पसरल्या. बिराजदारकाकांनी येऊन बघितलं. "सर, पाऊस आला तर?" सर म्हणाले, "तर भिजायचं, असं धड्यात आहे." विसर्जनाची मिरवणूक संपून गल्ली झोपली तेव्हा सर, कुरकुरणाऱ्या सारावहिनी आणि एस्तेर तिघं त्या मांडवात सतरंजीवर आडवे झाले होते.

त्याच पहाटे जमीन हलली. किल्लारीच्या बाजूला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी त्याचं वर्णन करणार नाही. आमच्या गल्लीत भिंतींना भेगा गेल्या, माणसं वाचली. सरांच्या घरात माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या ट्रंका खाली आल्या, त्या नेमक्या रोजच्या पलंगावर.

उजाडेपर्यंत सगळ्या गल्लीनं तो पलंग बघितला. मग मांडव बघितला. आणि दुपारपर्यंत, मी पेरलेल्या बियाण्याला कणीस आलं. शनिमहाराजांनी सरांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं! बांबू रोवले ते उगाच का? दुसऱ्या दिवसापासून कुणीच घरात झोपेना. रस्त्यात, मैदानात, जिथं जागा मिळेल तिथं साड्यांचे, ताडपत्र्यांचे आडोसे उभे राहिले. एका गल्लीत सत्तर मांडव. आणि प्रत्येक मांडवातून माणूस उठून सरांना विचारायला येई, "सर, पुढचा कवा हाय?"

सर सांगून सांगून थकले की मला काही माहीत नव्हतं. लोक मान डोलवत. ज्याला माहीत असतं तो असंच म्हणतो, हे लोकांना पक्कं ठाऊक होतं. मीही एक-दोनदा म्हणालो की तसं काही नाही. पण जोरात म्हणालो नाही. त्या आठवड्यात नवीन बॅचसाठी नावं घालायला लोक मांडवात येत होते.

मग एक दिवस माणिकराव आले. किल्लारीजवळच्या एका गावचे. त्यांचा मुलगा अकरावीला आमच्या क्लासात होता, पुढच्या बाकावर बसायचा आणि एकक विसरायचा. विसर्जनासाठी दोन दिवस गावी गेला होता. माणिकरावांच्या धोतराला अजून माती होती. ते मांडवासमोर उभे राहिले, बसले नाहीत. हात जोडून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमाला ठावं हुतं म्हणं. मग आमच्या पोराला जाऊ का दिलं? नुसतं जाऊ नगं म्हणला असता. तुमचं लई ऐकायचा त्यो."

मी तिथंच होतो. पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. हा माणूस कुठल्या गोष्टीवर विश्वास ठेवून इतक्या लांब आला ते मला माहीत होतं, ती गोष्ट कुणी बनवली तेही माहीत होतं. माझं तोंड उघडलं नाही.

सर उठले. त्यांनी माणिकरावांचे जोडलेले हात धरून खाली घेतले. "माणिकराव, मला काही ठाऊक नव्हतं. तुमच्या पोराची शपथ घेऊन सांगतो. ठाऊक असतं तर मी तुमच्या गावात येऊन दारं वाजवली असती. मी शनीचा भक्त नाही. कधीच नव्हतो. लोक म्हणायचे, मी ऐकून हसायचो, तेल ठेवून घ्यायचो. चूक माझी आहे."

माणिकरावांनी बांबूकडं बोट केलं. "मग हा मांडव?"

"आमचा सण आहे. घरातून बाहेर यायचा."

"मग कोण हाव तुमी?"

ठाण्याच्या बाईंनी हाच प्रश्न विचारला होता आणि सरांना दोन ओळी आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी खाली मातीत बसून माणिकरावांना सगळं सांगितलं. आम्ही कुठून आलो, गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला कसे लागलो, तेल गाळलं, देव एकच मानला, पुस्तकं बुडाली, भाषा विसरली, शनिवार तेवढा राहिला. "आता म्हातारपणी टपालानं शिकायलोय माणिकराव, मी कोण ते. अजून पुरतं आलं नाही." माणिकराव ऐकत होते का नव्हते, मला सांगता येत नाही. शेवटी ते खाली बसले आणि मोठ्यानं रडले. सर त्यांच्या पाठीवर हात ठेवून तसेच बसून राहिले. मी तांब्या खाली ठेवला आणि लांब जाऊन उभा राहिलो. माझी मलाच लाज वाटत होती.

सरांनी नंतर मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त संध्याकाळी म्हणाले, "रसायन, लोकांना मैदानात गोळा करा." सगळे आले. कारण आता सर पुढच्या भूकंपाची वेळ जाहीर करणार अशी बोलवा झाली होती. सर एका उलट्या घमेल्यावर चढले. "तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता ते बिनएककाचं," त्यांनी सुरुवात केली, "आज एकक सांगतो." आणि परत सगळं सांगितलं. मग बिराजदारकाका उभे राहिले. "म्हंजे सर, तुमी शनीचे न्हाई, शनिवारचे. येवढंच ना?" सर म्हणाले, एवढंच. "मंग त्यात काय वरडून सांगायचंय? आमाला वाटलं काय मोठं हाय." मागून बिराजदारकाकूंचा आवाज आला, "पर तेल लई न्हेलंत हो सर तुमी." आठवड्यात पहिल्यांदा माणसं हसली. दुसऱ्या दिवशी एस्तेरनं रिकाम्या बाटल्या धुऊन घरोघर पोचत्या केल्या.

सरांनी 'आपण कोण' हा प्रश्न परत लिहून ठाण्याला पाठवला. माणिकरावांना जे सांगितलं तेच लिहिलं, चार पानं झाली. या खेपेला बाईंनी गुण दिलेच नाहीत. शेवटी लिहिलं होतं, 'याला गुण देता येत नाहीत. पुढच्या शिबिराला अवश्य यावे.' सर भडकले. "गुण देता येत नाहीत म्हणजे? तपासलाय का नुसता वाचलाय?" पण शिबिराला गेले.

त्यानंतरच्या वर्षांत लातूरला क्लासचं पीक आलं. हदगाव, किनवटपासून पोरं ट्रंका घेऊन उतरू लागली. खोल्यांची गोडाउनं झाली आणि गोडाउनांचे क्लास झाले. पोरं इतक्या दाटीनं बसत की एकाची शंका दुसऱ्यालाच यायची. आणि या सगळ्या कारखान्यात एक दिवस ठरलेला होता, शनिवार. शनिवारी टेस्ट. जो शनिवारी टेस्ट घेत नाही तो क्लास कसला! पालक येत, विचारत. शनीचं कारण ऐकून जे गप्प बसायचे तेच आता म्हणू लागले, "सर, देव हाय ते बरोबर हाय, पर टेस्ट दुसऱ्या सरांनी घ्यावी की." दुसरे सर म्हणजे मी. एका शनिवारी सर ठाण्याला शिबिराला गेलेले असताना मी घेतली. सोमवारी सरांनी पेपर बघितले, सगळे तपासून दिले आणि म्हणाले, "तुम्ही मोठ्या क्लासमध्ये जा. रागानं सांगत नाही. तुम्हाला शनिवार मोकळा आहे, मला नाही. त्यात कुणाचीच चूक नाही." मी गेलो. तिथं माईक लावून शिकवत होतो आणि मागच्या बाकावर कोण बसतं ते मला पाच वर्षांत कळलं नाही.

सरांकडं तीस-चाळीस मुलं राहिली. त्यांत माणिकरावांची धाकटी मुलगी होती. तिला घेऊन ते स्वतः आले होते. "शनवारी सुट्टी आसती ते ठावं हाय मला," एवढंच म्हणाले. ती पुढं कृषी खात्यात लागली. ती एकक विसरत नसे.

एस्तेर लग्न होऊन ठाण्याला गेली. सारावहिनी गेल्यावर सरही तिकडं राहायला गेले, आणि ज्या मंडळानं त्यांना अकरा गुण दिले त्याच मंडळात पोरांना शिकवू लागले. मी एकदा बघायला गेलो होतो. पंधरा-वीस कॉलेजातली मुलं, आईबापांनी ढकलून पाठवलेली. एक मुलगा म्हणाला, "सर, मी तसा ज्यू आहे पण फार नाही." सरांनी खडू खाली ठेवला. "फार नाही म्हणजे किती? ग्रॅममध्ये सांग." अख्ख्या ठाण्यात माझ्या लातूरचं 'लई' आणि 'करायलोय' तिथंच तेवढं ऐकू येत होतं. ठाण्याच्या बाई मागं बसून हसत होत्या. दिसायला अगदी साध्या, काठी टेकत चालणाऱ्या बाई निघाल्या.

सरांचं दुखणं वाढल्याचं एस्तेरनं कळवलं तेव्हा मी गेलो. दोन दिवस त्यांच्याजवळ बसलो. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी ते गेले. त्यांना वडिलांशेजारी, अलिबागच्या बाजूला त्यांच्या गावी जागा हवी होती. सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, मग दफन करता येत नाही. त्यामुळं सगळी घाई. शववाहिकेतून आणि एका जीपमधून आम्ही पुढं आलो, दुसरी जीप वाटेत पंक्चर होऊन अडकली. गावात इस्राएली घर एकच उरलेलं, त्यातला एक म्हातारा आला. नारळांच्या मागं ऊन उतरायला लागलं तेव्हा खड्डा तयार होता.

कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. हज्जान, म्हणजे प्रार्थना सांगणारे गृहस्थ, मोजू लागले. माणसं आकड्यांनी मोजायची नसतात, दहा शब्दांचं एक वचन असतं, त्यातला एकेक शब्द एकेकावर ठेवत जायचं. हे मला शनिवारच्या दुपारी सरांना प्रश्न विचारता विचारता कळलं होतं. नऊ शब्द झाले. दहावा त्यांच्या ओठावर होता आणि बोट माझ्यासमोर. माझ्या डोक्यावर टोपी होती, एस्तेरनंच दिलेली.

"आपलं आडनाव?"

"मुरुडकर."

त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा. म्हणजे जंजिऱ्याचं मुरुड. इथलेच की!" नऊही माणसांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी पुस्तक उघडून माझ्या हातात द्यायला पुढं केलं.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तेही नाही, नुसती मान हलवायची होती. शेमाची दुसरी ओळसुद्धा मला सरांपेक्षा बरी येत होती. एका प्रवेशासाठी मी याहून मोठी थाप मारली होती, आणि इथं तर माझ्या मित्राच्या मातीवर त्याची प्रार्थना व्हायची होती. बायकांमध्ये उभी असलेली एस्तेर माझ्याकडं बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "लातूरजवळचं मुरुड. मी हिंदू आहे. सरांच्या क्लासमध्ये होतो."

हज्जानांचं बोट खाली आलं. त्यांनी एकदा सूर्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. जीप दिसत नव्हती. मग ते म्हणाले, "माती देऊ या." माती देताना त्यांनी मला बाजूला केलं नाही. मीही तीन मुठी टाकल्या. कद्दिश झालं नाही.

फाटकाशी एस्तेर आली. मला वाटलं, आता ही मला जन्मात क्षमा करणार नाही. ती माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "काका, अख्खा जन्म लोकांना थापा मारल्यात, आज एक मारली असती तर काय बिघडलं असतं हो?" आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिला जे रडू फुटलं ते आवरेना. मलाही आवरलं नाही.

रविवारी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये कद्दिश झालं. मी गेलो तेव्हा हज्जान दाराशीच उभे होते. त्यांनी मला ओळखलं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाले, "हे मुरुडकर. लातूरचे. थळकरांचे मित्र. आपल्यातले नव्हेत." माझी इतकी खरी ओळख आजवर कुणी करून दिली नव्हती. मी टोपी नीट केली आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.